चौथ्या प्रकरणाचा मथळा

वाल्मीक पाटील बायकोला आखाजीसाठी माहेरी सोडून गेला, तो तिला न्यायला परत आलाच नाही.

अक्षय्य तृतीयेच्या या सणाला, आखाजीला, सगळ्याच लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि सण सरला की सासरचं माणूस येऊन घेऊन जातं. त्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, भिकुबाईही बोरी नदीच्या काठच्या आपल्या गावी आली आणि झोक्यावर मनसोक्त बसली. मग मैत्रिणी एकेक करून सासरी गेल्या. भिकुबाईची पिशवी भरलेली तशीच कोनाड्यात राहिली. पेरण्या उरकल्या तेव्हा तिचे वडील, सुकदेव आबा, स्वतः उठून जावयाकडे गेले. एरंडोलजवळच्या एका गावात वाल्मीक हायस्कुलात मास्तर होता. त्यानं सासऱ्याला ओसरीवरसुद्धा बसू दिलं नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "आबा, ती आमच्यासाठी मेली. तुम्हीही तसंच समजा."

कारण काही सांगितलं नाही. ते पुढच्या वर्षी आपोआप कळलं. त्या हायस्कूलच्या संस्थापकांना एकुलती एक मुलगी होती, द्रौपदा. मास्तर हुशार, बोलका, अंगानं देखणा. संस्थापकांना तो जावई म्हणून पसंत पडला. बिजवर असला तरी त्यांची हरकत नव्हती. बायको नांदत असलेला मात्र त्यांना चालला नसता. वाल्मीकनं मग सोपा रस्ता धरला. बायको वारली असं सांगून मोकळा झाला.

सुकदेव आबा घरी आले, डोक्याचा रुमाल काढून खुंटीला अडकवला, आणि तो परत कधी डोक्याला बांधला नाही. गावात मान वर करून चालणारा माणूस पुढं घराबाहेर पडेनासा झाला आणि असाच झुरून गेला. त्यांना खांदा देऊन परत आलेल्या भावाला भिकुबाईनं पाण्याचा तांब्या दिला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सुपडू तिचा धाकटा भाऊ. धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. तो म्हणाला, "अक्का, चाल माझ्याबरोबर." ती गेली.

धुळ्यात ती मराठी टायपिंग शिकली. सातवी पास बाई, पण बोटं अशी की शिकवणारा बघत राहायचा. वर्षानुवर्षं तिनं कोर्टाबाहेरच्या टपरीत लोकांचे अर्ज टंकले. शेताचे बांध, वाटण्या, आणि नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांच्या पोटगीचे कितीतरी अर्ज. स्वतःचा अर्ज मात्र तिनं कधी टंकला नाही. सुपडू कधी विषय काढायचा तर म्हणायची, "त्याच्याकडून मला पोट भरून घ्यायचं नाही." मग तिला काय घ्यायचं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. बहुधा तेव्हा तिलाही ते माहीत नसावं.

पाचव्या गल्लीतल्या झुलालभाऊंच्या छापखान्यात ती आली तेव्हा तिथं अजून शिशाचे खिळे जुळवत. मग एक्क्याण्णव साली भाऊंनी कॉम्प्युटर आणला. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. खिळे जुळवणारे दोघं त्याला हात लावायला तयार होईनात; भिकुबाई मात्र पहिल्याच आठवड्यात रुळली.

त्या मशीनवर सगळी अक्षरं एकाच चणीची दिसत. लहान-मोठी, ठळक, तिरपी असा भेदच नव्हता. अक्षरांना रूप यायचं ते जळगावात. तिथं निंबा नावाच्या एका तरुणानं मोठं मशीन आणि लेसर प्रिंटर घेतला होता. भिकुबाई इथं मजकूर टाइप करायची, फ्लॉपी पत्र्याच्या डबीत घालून एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची, आणि निंबा तिकडून सुबक पानं काढून पाठवायचा. कुठलं अक्षर कसं दिसावं हे त्याच्या मशीनला कळावं म्हणून निंबानं काही खुणा ठरवून दिल्या होत्या. शब्दाच्या आधी आणि नंतर चांदणी घातली की तो ठळक छापला जाई. तिरपी रेघ घातली की अक्षरं तिरपी, आणि वाक्याला दुहेरी चांदणी घातली की ते जागच्या जागी मोठं होऊन चौकटीत येई. ओळीच्या दोन्ही टोकांना बरोबरचं चिन्ह घातलं की ती ओळ मथळा होई: नव्या पानावर, मोठ्या अक्षरात, चौकटीत. आणि मथळा झालेली प्रत्येक ओळ निंबाचं मशीन आपणहून उचलून पुस्तकाच्या पुढच्या अनुक्रमणिकेत नेऊन बसवी. निंबाला या करामतीचा फार अभिमान होता.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर प्राध्यापक वना महाजन एक जाडजूड हस्तलिखित घेऊन छापखान्यात आले. सरळ स्वभावाचा, भाबडा माणूस. जळगाव जिल्ह्यातल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांना पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्यांचा गौरवग्रंथ काढायचा होता आणि त्यातलं चरित्र सरांनीच लिहिलं होतं. वरच्या पानावर नाव होतं, आबासाहेब वाल्मीकराव पाटील.

भिकुबाईनं ते नाव टाइप केलं आणि पान उलटलं. झुलालभाऊंना ती टाकलेली बाई आहे एवढं ठाऊक होतं. कुणी टाकली ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ती मुकाट्यानं काम करत राहिली. जन्म, बालपण, शिक्षण. गुरं चारता चारता पाढे पाठ करणारा बाल वाल्मीक. ते खरंच होतं, तिला सासूनं सांगितलं होतं. मग चौथं प्रकरण आलं, 'संसार आणि सहजीवन'. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं:

'आबासाहेबांच्या प्रथम पत्नी कै. सौ. सुनंदा यांचे अल्पशा आजाराने अकाली निधन झाले. हा आघात पचवून आबासाहेब समाजकार्यात अधिकच रमले.'

सुनंदा म्हणजे तीच. भिकू हे नाव गावठी म्हणून लग्नात वाल्मीकनं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं होतं. माहेरी ते नाव कुणी घेतलं नाही, धुळ्यात कुणाला माहीत नव्हतं.

तिनं दोन्ही वाक्यं टाइप केली. 'निधन'च्या न ला वेलांटी पहिली आहे ना, तेही पाहिलं. पूर्णविराम दिला. मग उठून मागच्या खोलीत माठापाशी गेली आणि पाणी प्यायची सोडून माठाला नुसती टेकून उभी राहिली.

घरी तिनं सांगितलं तसा सुपडू ताडकन उठला. "उद्या जातो आणि भर संस्थेत गचांडी धरतो त्याची!"

"आबा गेले होते ना? काय झालं?"

वहिनी, ताईबाई, चुलीपुढून म्हणाली, "अक्का, वीस वर्षं झाली आता. कशाला उकरता?"

"वीस वर्षं त्याला झाली गं," भिकुबाई म्हणाली. "मला तर आज मारलं."

त्या रागानं तिचं जेवण तोडलं. तिला वाटायचं, राग असा भडकेल, ओरडायला होईल. तसं झालं नाही. तो दह्यासारखा घट्ट बसला. टाकली म्हणून लिहिलं असतं, काडीमोड झाला असं खोटं लिहिलं असतं, अगदी नावच गाळलं असतं, तरी तिनं सोसलं असतं. पण अल्पसा आजार! म्हणजे सुकदेव आबा ज्या दारात उभे राहिले ते दार नाही, खुंटीवरचा रुमाल नाही, कोनाड्यातली पिशवी नाही. सगळ्यांवर माती लोटून त्यावर हा माणूस आघात पचवत बसला होता.

एकदा तिनं पडद्यावर ते वाक्य बदलूनही पाहिलं. 'प्रथम पत्नी सौ. सुनंदा यांना आखाजीस माहेरी टाकून आबासाहेब परतले.' वाचलं, आणि पुसून टाकलं. असं छापलं तर उद्या तो म्हणेल, छापखान्यातल्या बाईचा खोडसाळपणा; आणि खोटी तीच ठरेल. शब्द त्याचेच हवेत, एक काना इकडचा तिकडे व्हायला नको. पण मग करायचं काय, ते तिला सुचत नव्हतं. पानं तपासून गेली, परत आली. महाजन सर तिच्या शेजारी बसून एकेक ओळ वाचून गेले.

तिनं त्यांना विचारलं, "सर, हे चौथ्या प्रकरणातलं नक्की आहे ना? निधनाचं?"

"हो तर. आबासाहेबांनी स्वतः सांगितलं. डोळे पाणावले होते त्यांचे. तारीख तेवढी आठवत नाही म्हणाले."

मग एके दिवशी आबासाहेब स्वतःच आले. मुखपृष्ठ पाहायला. पांढराशुभ्र सफारी, सोनेरी काड्यांचा चष्मा, बरोबर दोघं-तिघं. झुलालभाऊंची धांदल उडाली. चहा मागवला, खुर्ची पुसली. भिकुबाई कीबोर्डपुढं बसलेली. तिनं पदर ओढून घेतला नाही. मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं, पंख्याकडे पाहावं तसं.

"ह्या भिकुताई," भाऊ म्हणाले. "आख्खा ग्रंथ ह्यांच्याच हातून झालाय."

"अरे वा!" आबासाहेब दोन पावलं पुढं आले. इतके जवळ, की तिला त्याच्या कानाच्या पाळीवरचा तीळ दिसला. "म्हणजे माझं सगळं आयुष्य तुम्हाला पाठ झालं असेल बाई."

"झालंय," ती म्हणाली.

आवाजही ओळखला नाही त्यानं. पानं चाळत म्हणाला, "हे फार सपाट दिसतंय हो झुलालशेठ. लोक पुस्तकं वाचत नाहीत, चाळतात. नजर थांबली पाहिजे. माझं नाव येईल तिथं ठळक करा. आणि महत्त्वाची वाक्यं मोठी करा, चौकटीत घ्या."

"कुठली घ्यायची ते सरांना विचारतो."

"सरांना कशाला? ते सगळंच महत्त्वाचं म्हणतील." तो हसला आणि तिच्याकडे वळला. "तुम्ही एवढं वाचलंय बाई. तुम्हाला जे महत्त्वाचं वाटेल ते मोठं करा. तुमच्यावर सोपवलं. आता परत तपासायला पाठवू नका, समारंभ तोंडावर आलाय."

"बरं," भिकुबाई म्हणाली.

तो जिना उतरून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. भिकुबाईला वाटलं होतं, तो कधी समोर आला तर छाती फुटेल. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं झालं. खाली मान घालून ती कामाला लागली. जिथं जिथं त्याचं नाव होतं तिथं दोन्ही बाजूंना चांदण्या घातल्या, अगदी इमानानं, एकही सोडलं नाही. संस्थेची इमारत बांधली ते वाक्य दुहेरी चांदणीनं मोठं केलं, ग्रंथालयाचं केलं. मग चौथ्या प्रकरणावर आली. 'संसार आणि सहजीवन' या मथळ्याची दोन्ही चिन्हं काढून तो साध्या ओळीत बसवला. आणि निधनाचं वाक्य उचलून प्रकरणाच्या माथ्यावर घेतलं, एकट्याच्या ओळीत, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बरोबरचं चिन्ह घातलं.

शब्द एकही बदलला नाही. पडद्यावर तर काही वेगळं दिसतही नव्हतं. सगळी अक्षरं हिरवी, एका चणीची.

दुसऱ्या दिवशी जळगावहून निंबाचा फोन आला. "भिकुताई, चौथ्या प्रकरणाचा मथळा लई लांब आहे. दोन ओळींत जातोय. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"अनुक्रमणिकेतही तसाच येईल."

"येऊ दे."

समारंभाच्या घाईत पानं पुन्हा न तपासताच छपाईला गेली. तिनं मग एकच पत्र लिहिलं, माहेरच्या गावी लोटन आबांना. लोटन आबा तिच्या वडिलांचे चुलतभाऊ; तिचं लग्न त्यांच्याच अंगणातल्या मांडवात लागलं होतं. 'जळगावला समारंभ आहे. ज्यांनी माझ्या लग्नात अक्षता टाकल्या त्यांना घेऊन या,' एवढंच लिहिलं.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर आबासाहेब, त्यांच्या शेजारी जरीची साडी नेसलेल्या द्रौपदाबाई, आणि प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त न्यायाधीश. भिकुबाई बायकांच्या रांगेत मध्यावर बसली. डाव्या हाताला तिची लहानपणची मैत्रीण तानुबाई. मागं लोटन आबा आणि गावची चार जुनी माणसं, धोतरं सावरून, अवघडून बसलेली. भाषणं झाली की उठायचं, पाहुण्यांपुढं जाऊन उभं राहायचं आणि पुस्तक उघडून दाखवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

ग्रंथाला बांधलेली फीत सुटली, टाळ्या झाल्या. न्यायाधीश बोलायला उठले. ग्रंथ त्यांनी तिथंच पहिल्यांदा हातात घेतला होता हे दिसतच होतं.

"पुस्तकाची ओळख अनुक्रमणिकेवरून होते," ते म्हणाले आणि पान उघडून वाचू लागले. "जन्म आणि बालपण. शिक्षण. ज्ञानदानाचा आरंभ..." तिथं ते थांबले. चष्मा सारखा केला. "मंडळी, चौथं प्रकरण पाहून मी खरोखर हेलावलो. 'आबासाहेबांच्या प्रथम पत्नी कै. सौ. सुनंदा यांचे अल्पशा आजाराने अकाली निधन झाले.' यशाच्या शिखरावर असलेला माणूस दिवंगत पत्नीच्या आठवणीला स्वतंत्र प्रकरण देतो! असा पती विरळा."

आबासाहेबांचा हसरा चेहरा जागच्या जागी थिजला. त्यांनी वाकून महाजन सरांच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं.

"त्या माउलीला आदरांजली वाहिल्याशिवाय पुढं जाणं बरं नव्हे," न्यायाधीश म्हणाले. "आपण सर्वांनी क्षणभर उभं राहावं."

हे भिकुबाईच्या मनातही आलं नव्हतं. खुर्च्या वाजल्या. अख्खं सभागृह उभं राहिलं, माना खाली घालून. आबासाहेबांनाही उठावं लागलं. तानुबाईनं तिचा दंड घट्ट पकडला. भिकुबाई उभी राहिली, पण तिनं मान खाली घातली नाही. एवढ्या झुकलेल्या डोक्यांवरून तिला व्यासपीठावरचा तो एकच माणूस दिसत होता, आणि त्याची नजर भिरभिरत कुठं कुठं फिरत होती.

"धन्यवाद," न्यायाधीश म्हणाले. सगळे बसले. भिकुबाई उभीच राहिली.

"बसा बाई."

"कशी बसू साहेब?" तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "आत्ता ज्या बाईसाठी सगळे उभे राहिलात, ती सुनंदा मीच. मी मेलेली नाही. याच माणसानं मला आखाजीला माहेरी सोडलं आणि दुसऱ्या लग्नासाठी मारून टाकलं."

कुजबुज झाली, मग गलका. आबासाहेबांनी माईक ओढला. "कोण ही बाई? मी हिला ओळखत नाही. डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. बाहेर न्या रे हिला!"

"ओळखत नाही हे खरं आहे," ती म्हणाली. "छापखान्यातही ओळखलं नाहीत. महत्त्वाचं वाटेल ते मोठं करा म्हणालात. मला हेच महत्त्वाचं वाटलं. शब्द तुमचेच आहेत, मी एकही बदलला नाही."

दोन कार्यकर्ते तिच्याकडे निघाले तेवढ्यात मागून लोटन आबा काठी टेकत उठले. माईक नव्हता, पण शेतातून हाक मारायची सवय असलेला तो गळा.

"हात नका लावज्यात रे पोरीले! हाई सुकदेवनी भिकू शे. मन्हा मांडवमा हिनं लगीन लागनं. हाऊ बठा गाव साक्षी शे. जित्ती बाईले मारी टाकं रे वाल्मीक तू!" त्यांच्या मागं ती चारही म्हातारी माणसं उभी राहिली.

न्यायाधीशांनी पुस्तक मिटलं. "आबासाहेब, हे खरं आहे का?"

आबासाहेब पाण्याचा पेला उचलायला गेले आणि तो त्यांच्या हातून सतरंजीवर पडला. द्रौपदाबाईंचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला होता. न्यायाधीश उत्तराची वाट न पाहता व्यासपीठावरून उतरले आणि बाहेर पडले. त्यांच्यामागं अर्धं सभागृह.

परतीच्या एस.टी.त तानुबाई रडत होती. भिकुबाई खिडकीतून बाहेर पाहत होती. एरंडोल आलं, गेलं. तिला आनंद झाला होता, अगदी उघडानागडा आनंद, आणि तो तिनं लपवला नाही.

झुलालभाऊंनी दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवलं. "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही करू दिलं नसतंत."

"नसतंच करू दिलं," भाऊ म्हणाले. त्यांनी तिला कामावरून काढलं नाही. पण पुढं प्रत्येक फ्लॉपी जाण्याआधी ते स्वतः शेजारी बसून पाहू लागले. चांगला माणूस होता, आणि त्याच्या छापखान्याचं नाव वाईट झालं होतं. महाजन सरांनी तर रस्त्यात गाठून दोन्ही हात जोडले आणि निघून गेले. या दोघांचं तिला लागलं. पण केलं ते परत केलं असतं का, असं सुपडूनं विचारलं तेव्हा तिनं क्षणाचाही विचार न करता "हो" म्हटलं.

आबासाहेबांच्या विरोधकांना तर घरबसल्या मेजवानी मिळाली. 'चौथं प्रकरण' हे त्यांचं टोपणनावच पडलं. शाळेच्या भिंतीवर पोरं कोळशानं लिहू लागली. उन्हाळ्याच्या आत त्यांचं अध्यक्षपद गेलं. ही बातमी वर्तमानपत्रात आली त्या दिवशी भिकुबाईनं गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे, असं कुणी विचारलं तर सांगायची, "माझ्या तेराव्याचे."

आणि मग द्रौपदाबाई आल्या. एकट्याच, साध्या सुती साडीत. घरी ताईबाईनं दार उघडलं आणि कोण आहे ते कळताच ती आत जाऊन उभी राहिली. द्रौपदाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. बोलायच्या आधी त्यांनी गळ्यातून एक काळा गोफ काढला आणि भिकुबाईच्या पुढ्यात ठेवला. त्यात चांदीचा छोटा टाक होता, त्यावर बाईची आकृती. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, ती चाल भिकुबाईला माहीत होती.

"लग्नात सासूनं घातला," द्रौपदाबाई म्हणाल्या. "रोज आंघोळीनंतर आधी तुम्हाला हळदकुंकू, मग माझ्या तोंडात घास. दर अविधवा नवमीला तुमच्या नावानं सवाष्ण जेवू घातली, खण-नारळानं ओटी भरली. पोरगी आजारी पडली की तुम्हालाच नवस बोलायची, की बाई, रागावू नकोस. तुम्ही धुळ्याला आहात हे मला कुणी सांगितलं नाही हो अक्का."

भिकुबाईनं टाक हातात घेतला. कुंकवानं त्या चांदीच्या बाईचं तोंड पार झिजून गेलं होतं. त्याच्यावरचा राग कसा करायचा हे तिला पाठ होतं. या बाईपुढं काय करायचं ते कळेना.

"मी तुमच्यावर डाव धरला नव्हता," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे. पण लागला मला. पोरीचं लग्न मोडलं. भुसावळची माणसं, मुलगा रेल्वेत आहे. ते म्हणतात, आईचं लग्नच लग्न नाही, तर मुलगी कुणाची म्हणून आणायची?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते फक्त तुमचं ऐकतील. तुम्ही येऊन सांगा, की पोरीचा आणि माझा दोष नाही."

आतून ताईबाईच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

"येईन," ती म्हणाली. "पण एक अट आहे. कन्यादान त्यानं करायचं नाही. त्यानं मांडवात पाऊल टाकायचं नाही."

"अक्का, बाप आहे तो पोरीचा."

"माझाही बाप होता. माझ्यापायी लोकांच्या दाराशी उभा राहिला आणि झुरून मेला. मला तुमच्या पोरीचं वाईट करायचं नाही. त्याला मात्र आपल्या लेकीच्या लग्नाचे ताशे घरात बसून ऐकू देत."

द्रौपदाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की आता उठून जातील असं वाटलं. मग खाली बघून हळूच म्हणाल्या, "घर माझ्या वडिलांचं आहे. संस्थाही त्यांचीच होती. मी सांगेन तसं होईल."

भिकुबाई भुसावळला गेली. रेल्वेच्या क्वार्टरात मुलाच्या आई-वडिलांपुढं बसून तिनं सगळं सांगितलं, काही न वाढवता, काही न गाळता. मुलाची आई, मंदाबाई, खमकी बाई होती. तिनं विचारलं, "तुम्हाला या पोरीचा राग नाही?"

"मला एकाचाच राग आहे," भिकुबाई म्हणाली. "तो मी कुणाला वाटून देणार नाही."

लग्न वैशाखात झालं. कन्यादान द्रौपदाबाईंच्या चुलतभावानं केलं. वाल्मीक पाटील गल्लीच्या टोकाशी येऊन वडाखाली उभा आहे, असं तानुबाई येऊन कानात सांगून गेली. भिकुबाई उठून मांडवाच्या दाराशी गेली. तिनं त्याला पाहिलं. या वेळी त्यानं तिला लांबूनच ओळखलं. दोघांच्या मध्ये ताशे वाजत होते. तो एक पाऊल पुढं आला; ती जागची हलली नाही. मग तो वळला आणि कडेकडेनं घराकडे चालू लागला. पाठीत किंचित वाकला होता. तो दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली.

आत पंगत बसली होती. नवी नवरी पाया पडायला आली तेव्हा भिकुबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वादाचा शब्द काही ओठावर येईना. मुलगी बापासारखीच दिसत होती, कानाच्या पाळीवर तसाच तीळ. "बस, जेव माझ्याजवळ," एवढंच ती म्हणाली. मुलगी बसली. वाढपी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी घेऊन आला. भिकुबाईनं बट्टी कुस्करली, वर तूप ओतून घेतलं, आणि परत वाढायला आलेल्याला एकदाही नको म्हटलं नाही.